डिव्हिडंड म्हणजे फुकटचा पगार नव्हे

गोरेगाव_ते_गेल्फ:
परवा आमच्या कॅनडातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लांबलचक मेसेज टाकला. सार असा: दरमहा डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) म्हणून पैसे देणारे फंड घ्या, वर्षाला दहा-अकरा टक्के घरबसल्या मिळतात, मुद्दलाला धक्का लागत नाही, ग्रोथवाले, म्हणजे वाटा न घेता किंमत वाढायची वाट बघणारे, नुसते कागदावरच्या आकड्यांवर खूश. वर सल्ला, की टीएफएसएत (इथलं करमुक्त बचत-गुंतवणूक खातं) लाख डॉलर भरायची जागा आहे, भरून टाका. खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांत 2023 ला आलेली दोन कुटुंबं आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी टीएफएसए. 2025 पर्यंतची एक लाख दोन हजारांची जागा ही 2009 पासून इथे राहणाऱ्या सज्ञान माणसाची. 2023 ला आलात तर त्या वर्षीचे 6,500 आणि पुढच्या दोन वर्षांचे सात-सात हजार, म्हणजे 2025 अखेर 20,500. जास्त भरलेत तर जादा रकमेवर दरमहा 1 टक्का दंड. लाख भरायला सांगणाऱ्याला एवढं तरी ठाऊक हवं.

आता "मुद्दलाला धक्का नाही". माझ्या मेव्हण्याकडे असाच कव्हर्ड कॉलचा फंड आहे, म्हणजे हातातले शेअर ठरलेल्या भावाला घ्यायचा हक्क (ऑप्शन) विकून पैसे मिळवणारा, आणि तोही साध्या, कर लागणाऱ्या खात्यात. एप्रिलमध्ये त्याच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून टॅक्स भरत होतो. टी-3 स्लिपवरच्या (फंडाकडून मिळालेल्या पैशांचा करासाठीचा कागद) 42 नंबरच्या चौकटीवर मी बोट ठेवलं. वर्षभरात आलेल्या 5,200 डॉलरपैकी 3,100 तिथे होते. रिटर्न ऑफ कॅपिटल, म्हणजे परत आलेलं भांडवल. तेवढी त्याची खरेदी किंमत हिशोबात खाली आली, विकताना तेवढा नफा जास्त धरला जाणार. 20 ला घेतलेलं युनिट चार वर्षांनी 16 वर, आणि बाजार मधल्या काळात चांगला वर गेलेला. तो म्हणाला, "म्हणजे माझेच पैसे मला परत देत होते?"

डिव्हिडंड निघाला की शेअरची किंमत तेवढी उतरते. या खिशातलं त्या खिशात. पगार चालू असताना, तिशी-चाळिशीत, हे उत्पन्न हवंय कशाला? एक्सईक्यूटी हा फंड घ्या नाहीतर व्हीईक्यूटी, जगभरच्या हजारो कंपन्या एका युनिटात येतात. दर पगाराला भर घाला आणि रोज बघू नका.

स्कारबरोचे_काका:
मी 1991 पासून इथे आहे. ग्रोथचं कौतुक मला सांगू नका. 2000 साली नॉर्टेल या टेलिकॉम कंपनीचा शेअर 124 डॉलरवर होता, टोरंटोच्या इंडेक्सचा एक तृतीयांश भाग ती एकटी कंपनी. जानेवारी 2009 मध्ये दिवाळखोरी.

त्याच्या आदल्या महिन्यात माझी नोकरी गेली. गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना होता, एका दिवसात निम्मे लोक घरी. थोरली युनिव्हर्सिटीत, धाकटा शाळेत. माझ्याकडे बँकांचे शेअर होते. किंमत अर्ध्यावर आली, पण मोठ्या बँकांपैकी एकीनेही डिव्हिडंड कापला नाही. बँक ऑफ मॉन्ट्रियल तर 1829 पासून देते आहे. दर तिमाहीला पैसे येत होते, त्यातून हायड्रोचं (विजेचं) बिल आणि किराणा भागला. तळाला असताना एकही शेअर विकावा लागला नाही. तुम्ही सांगता तसा नुसता ग्रोथवाला असतो तर अर्ध्या किमतीला विकून पोरीची फी भरली असती. "या खिशातलं त्या खिशात" हे पगार चालू असलेल्या माणसाचं बोलणं आहे.

आणि 42 नंबरच्या चौकटीत आकडा दिसला म्हणजे मुद्दल खाल्लं असं होत नाही. ऑप्शन विकून आलेला प्रीमियमसुद्धा त्या वाटेने येऊ शकतो. अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका.

गोरेगाव_ते_गेल्फ:
चौकटीबद्दल तुमचं बरोबर, ती एकटी पुरावा नाही. 20 चे 16 झाले हा पुरावा आहे आणि त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

नॉर्टेल तर माझ्या बाजूचा दाखला आहे, काका. एका शेअरवर भिस्त ठेवली की काय होतं ते तो सांगतो. तेच डिव्हिडंडवाल्यांचं होतं. बीसीई या टेलिफोन कंपनीच्या शेअरवर किती जणांचा भरवसा होता! 2022 ला सत्तरच्या वर होता. मे 2025 मध्ये वर्षाचा डिव्हिडंड 3.99 वरून 1.75 वर आणला. त्याआधी यील्ड, म्हणजे किमतीच्या मानाने डिव्हिडंड, 12 टक्क्यांच्या वर दिसत होतं आणि लोक "स्वस्तात मिळतोय" म्हणून घेत होते. किंमत कोसळली म्हणून यील्ड फुगलं, एवढं साधं होतं ते. जानेवारी 2023 मध्ये अल्गॉन्क्विन या वीज-पाणी कंपनीनेही 40 टक्के कापला होता. बँकांनी 2008 ला कापला नाही म्हणून सगळ्यांचाच पक्का, असं कसं म्हणता?

द्राक्षबाग:
तुमची दोघांची डोकेफोड वाचून दमलो. मी माझे पैसे भारतात एनआरई एफडीत (अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) ठेवतो. 7 टक्के, करमुक्त, झोप शांत. इथे डिव्हिडंड कापतात, तिथे व्याज कोणी कापत नाही.

हिशोबनीस:
करमुक्त भारतात. तुम्ही कॅनडाचे रहिवासी आहात, जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. एनआरईचं व्याजही, पूर्ण दराने, डिव्हिडंडसारखी सवलतही नाही. मी टॅक्सची कामं करते, दर एप्रिलला निदान चार कुटुंबं हेच वाक्य मला ऐकवतात.

आणि 7 टक्के रुपयात. 2010 ला एका कॅनेडियन डॉलरला साधारण 45 रुपये येत होते. लाख डॉलरचे 45 लाख केलेत, सलग 15 वर्षं 7 टक्के धरले तरी सव्वा कोटीच्या जवळ जातात. आता डॉलर साठीच्या वर. 62 ने भागा, दोन लाख डॉलर. म्हणजे डॉलरमध्ये वर्षाला पावणेपाच टक्के, तेही इथला कर भरायच्या आधी.

टी-1135 भरता का? परदेशातल्या मालमत्तेची खरेदी किंमत मिळून लाख डॉलरच्या वर गेली की तो फॉर्म लागतो.

द्राक्षबाग:
म्हणजे भारताशी संबंध तोडा, हेच ना? आईवडील नाशिकला आहेत. वडिलांची बायपास झाली तेव्हा रात्री दोनला पैसे भरायचे होते. एफडी मोडली, अर्ध्या तासात भावाच्या हातात पैसे. तेव्हा एक्सईक्यूटी विकून बाजार उघडायची वाट बघत बसलो असतो? इथल्या फॉर्मची भीती घालणाऱ्यांना त्या रात्रीचं काय कळणार!

हिशोबनीस:
संबंध तोडा असं मी कुठे म्हटलं? ठेवा तिथे पैसे, आईवडिलांसाठी ठेवायलाच हवेत. फक्त दाखवा. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलेला, दोन एफडी, थोडे म्युच्युअल फंड. सगळं कष्टाचं, लपवाछपवी नाही. नुसतं माहीत नव्हतं. चार वर्षं फॉर्म राहिला. दिवसाला 25 डॉलर, वर्षाला कमाल 2,500, असे दहा हजार दंडाचे. सीआरएचं (इथल्या कर खात्याचं) पत्र यायच्या आधी स्वतःहून कळवलं असतं तर सवलत मिळू शकली असती. ती बाई माझ्यासमोर रडली. म्हणून मी आवाज चढवते.

नाशिकरोडची_सून:
फ्लॅट आम्ही सुट्टीत स्वतः वापरतो, भाड्याने देत नाही. तोही धरायचा?

हिशोबनीस:
स्वतःच्या वापराचा असेल तर नाही. भाडेकरू आला की धरायचा. ज्या वर्षी पहिल्यांदा इथले रहिवासी झालात त्या वर्षापुरता फॉर्म नाही, पुढच्या वर्षापासून बघायचं. आणि किंमत तुम्ही तिकडे घेतलीत तेव्हाची नाही, रहिवासी झालात त्या दिवशीची बाजारभावाची. इथेच बहुतेकांचं चुकतं.

गोरेगाव_ते_गेल्फ:
धागा भरकटतोय. डिव्हिडंडचं काय?

हिशोबनीस:
डिव्हिडंडचंच सांगते मग. तुमच्या ग्रुपवर लहान मुलं असलेली कुटुंबं असतील. साध्या खात्यात कॅनेडियन कंपनीचा 6,000 डॉलर डिव्हिडंड आला तर रिटर्नमध्ये 8,280 धरला जातो, 38 टक्के फुगवून. कर क्रेडिटमुळे कमी लागतो, पण मुलांचा सरकारी भत्ता त्या फुगलेल्या आकड्यावर ठरतो आणि तो घटतो. काकांच्या वयाला ओएएसचं (सरकारी म्हातारपणाची पेन्शन) तेच. आधी टीएफएसए, आरआरएसपी (निवृत्तीचं बचत खातं) भरा, मग साध्या खात्यात डिव्हिडंड मोजत बसा. अमेरिकन शेअरचा डिव्हिडंड टीएफएसएत आला तर 15 टक्के तिकडेच कापले जातात, परत मिळत नाहीत. तोच अमेरिकन शेअर आरआरएसपीत असेल तर कापत नाहीत.

स्कारबरोचे_काका:
ओएएसबद्दल खरं आहे, मागच्या वर्षी माझा थोडा कापला गेला. मुलगा म्हणाला होता, मीच ऐकलं नाही.

गोरेगावकर, चाळिशीतल्या माणसाने दहा टक्के यील्डच्या मागे लागू नये हे मला मान्य आहे. तेवढंच. माझे बँकेचे शेअर मी विकणार नाही. ते हिशोबात कमी पडतील, पण 2008 ला त्यांनी माझं घर चालवलं.

गोरेगाव_ते_गेल्फ:
विका असं म्हणतच नाही. तुम्ही तळाला विकलं नाहीत, हे डिव्हिडंडमुळे झालं हे मला पटतंय. मी मात्र वर्षभराचा खर्च जीआयसीत (इथली मुदत ठेव) आणि बचत खात्यात ठेवून तेच साधेन. मेव्हण्याला अजून पटलेलं नाही, दर महिन्याला मेसेज येतो तेव्हा त्याला बरं वाटतं म्हणे.

द्राक्षबाग:
हिशोबनीस, चिडलो होतो, पण तुमचा आकडा मी रात्री कागदावर मांडून पाहिला. बरोबर निघाला. माझी एफडी आणि फंड मिळून लाखाच्या वर जातात, दोन वर्षांचा फॉर्म राहिलाय. आता काय करू?

हिशोबनीस:
पत्र आलंय का? नसेल तर आधी स्वतःहून कळवायचं, मग फॉर्म. एफडीच्या पावत्या, फंडाचं स्टेटमेंट, दोन्ही वर्षांच्या व्याजाचा हिशोब आणि तुम्ही रहिवासी झालात त्या दिवशीची प्रत्येकाची किंमत, एवढं शनिवारपर्यंत गोळा करा. आईवडिलांच्या एफडीवर नुसतं तुमचं दुसरं नाव असेल तर ती वेगळी काढून ठेवा, ती कुणाच्या पैशाची हे आधी बघावं लागेल.