‘गर्ल जीनियस’ मुलींचं की मुलांचं?

कोथरूडची मावशी
आमच्या घरी टॅब एकच. सोमवार, बुधवार, शुक्रवार आला की त्यावरून भांडण ठरलेलं, कारण त्या दिवशी ‘गर्ल जीनियस’ या नेटवरच्या कॉमिकचं नवं पान येतं. लेक सतरा वर्षांची, भाचा चौदाचा. एरवी दोघांची आवड कुठेच जुळत नाही. भाचा तर नाव वाचूनच ‘नको’ म्हणाला होता. मग लेकीच्या खांद्यावरून त्याने यॅगर, म्हणजे त्यातले राक्षसी सैनिक, पाहिले आणि तिथेच बसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिल आणि काया फोग्लिओ या अमेरिकेतल्या नवरा-बायकोचं हे कॉमिक. २००१ मध्ये छापील अंक म्हणून सुरू झालं, एप्रिल २००५ पासून नेटवर फुकट आहे. वेड्या शास्त्रज्ञांच्या ताब्यातला युरोप, त्यात अगाथा नावाची विद्यार्थिनी. तिच्या गळ्यातलं लॉकेट चोरीला जातं आणि त्या लॉकेटने दाबून ठेवलेली तिची बुद्धी मोकळी सुटते. ह्यूगो या विज्ञानकथांच्या पुरस्कारांत चित्रकथेचा विभाग २००९ ला सुरू झाला आणि पहिली तिन्ही वर्षं तो पुरस्कार यांनाच मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून माघार घेतली, याचं मला फार कौतुक आहे.

माझं मत असं, की दोघांना धरून ठेवतो तो यातला गोतावळा. सगळं लग्नघरासारखं चालतं. पुढे कुणी जीवन-मरणाचं बोलत असतं आणि मागे यॅगर टोपीवरून हमरीतुमरीवर आलेले असतात. लेक टारवेक या राजपुत्राची कारस्थानं उलगडत बसते, भाच्याची नजर मागच्या मारामारीवर. पान एकच, वाचन वेगळं.

भोसरीचा फिटर
मावशी, नाही पटलं. गोतावळा तर कुठल्याही मालिकेत असतो, पण त्या मालिका आम्ही घरात एकत्र पाहत नाही.

मी हे मोलोकसाठी वाचतो. लॉकेट चोरणाऱ्या दोघा भावांपैकी हा एक. युद्धाने थकलेला साधा मेकॅनिक. बाकीचे प्रतिभावंत यंत्रं जन्माला घालतात आणि ती चालू ठेवायचं याच्यासारख्यांच्या नशिबी येतं. अठरा वर्षं शॉपमध्ये काढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. तिकडे अगाथा झोपेत उठून यंत्र जोडते, काम करताना गुणगुणते. माझी बायको शिवणकाम करते. अगाथा हत्यारं घेऊन बसलेली दिसली की ती म्हणते, ‘ही माझ्यासारखी आहे, जेवायला हाक मारली तरी ऐकू येणार नाही.’ कामातली तंद्री बाईला वेगळी आणि पुरुषाला वेगळी नसते. विनोद, गोंधळ हे वरचं. आत हे आहे.

औंधची अर्धवट वाचक
तुम्ही दोघंही एक गोष्ट टाळताय. सुरुवातीच्या खंडांत अगाथा किती वेळा अंतर्वस्त्रांत पळते? ती इतकी हुशार दाखवायची आणि चार पानांनी तिचे कपडे काढायचे. मी अगाथाच्या घराण्याच्या वाड्याच्या दुरुस्तीपर्यंत आले आणि थांबले. पात्रं तर इतकी, की कोण कुणाच्या बाजूने हेच विसरायला होतं. हा गोतावळा मला आपलासा वाटला नाही.

कोथरूडची मावशी
कपड्यांचं मलाही खटकलं होतं. मात्र गिल आणि टारवेक या पुरुष पात्रांचीही तीच गत होते, हेही बघ. पात्रांबद्दल सांगायचं तर क्रोस्पपासून परत सुरुवात करून पाहा. मांजरांवर राज्य करायला मुद्दाम घडवलेला बोलका बोका, आणि मांजरं कुणाचंच ऐकत नाहीत! माझी लेक तिथे दहा मिनिटं हसत होती.

औंधची अर्धवट वाचक
दोघांचे कपडे फाटले म्हणून हिशेब फिटत नाही, मावशी.

शनिवार पेठेतले ग्रंथपाल
मला कारण कथेबाहेर दिसतं. अप्पा बळवंत चौकात भेट द्यायला पुस्तक मागा. पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा की मुलगी?’ आणि त्यावरून फळी ठरते. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ आला तेव्हा कुणी असं विचारलं नाही. पेपर जेवणाच्या टेबलावर पडलेला असायचा, आजोबा वाचायचे, नातही वाचायची. त्यातही मिनी, पप्पू, बगळ्या असा गोतावळा होताच. पण पोहोचवलं ते पेपरने. नेटवर फुकट मिळणाऱ्या कॉमिकचंही तसंच आहे. तिथे फळी नाही.

औंधची अर्धवट वाचक
काका, फळी होती की! मावशींचा भाचा नाव वाचूनच ‘नको’ म्हणाला होता. बहिणीचा खांदा मिळाला म्हणून वाचलं. ज्या मुलांना बहीण नाही त्यांचं काय?

भोसरीचा फिटर
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. आमच्या शॉपमध्ये मी आधी मोलोकची पानं दाखवतो, नाव नंतर सांगतो.

कोथरूडची मावशी
आत्ता भाच्याला विचारलं. म्हणतो, नावाकडे आता लक्षही जात नाही. मग लेकीने सांगितलं, की शाळेत मित्रांशी बोलताना हा अजूनही ‘ते यॅगरवालं कॉमिक’ असंच म्हणतो.