मंडळीत उपासाचा तक्ता लावावा का?

तापीकाठ (शहादा)
यंदा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भिंतीवर तक्ता लागलाय. राखेच्या बुधवारापासून (आपला उपासकाळ सुरू होतो तो दिवस) ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून चाळीस चौकोन. प्रत्येकात त्या दिवशी उपास धरणाऱ्याचं नाव. धरला की बरोबरची खूण. पेन सुतळीने खिळ्याला बांधलेलं. गेल्या रविवारी भक्ती सुटल्यावर अर्धी मंडळी तिथेच, कोणाचा चौकोन कोरा ते बघत. माझा कोरा होता. बायबलात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नको. आपण भिंतीवर लावतो. उपास हवा, तक्ता नको, असं माझं मत.

पाळकाचा मुलगा
वचन अर्धं वाचताय. तिथे ढोंग्यांना झापलंय, मिळून धरलेल्या उपासाला नाही. प्रेषितांची कृत्ये 13 बघा, अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना करूनच बर्णबा आणि शौलाला सुवार्तेसाठी पाठवलं. ते काय एकमेकांपासून लपून? आणि खरं सांगा, एकट्याने मनात धरलेला उपास किती टिकतो? माझा साडेदहाच्या चहा-खारीपाशी मोडतो.

तापीकाठ
मोडू द्या की. 1522 साली झुरिकमध्ये उपासकाळात मांस वर्ज्य असताना काही लोकांनी मुद्दाम सॉसेज खाल्ले आणि धर्मसुधारक झ्विंग्लीने त्यांची बाजू घेतली, ती याचसाठी. उपास माणसाच्या मर्जीवर हवा.

भुसावळ क्वार्टर
मी कॅथलिक, मध्येच बोलतो. आमच्याकडे तक्ता नाही, नियम आहे. 18 ते 59 वयाच्या माणसाने राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), दोनच दिवस, एकदा पोटभर जेवायचं; बाकी दोनदा किरकोळ. आजीच्या वेळी कम्युनियनआधी, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर घेण्याआधी, मध्यरात्रीपासून तोंडात काही घालत नसत, 1964 पासून एक तास पुरतो. इतकं सोपं करूनही आमचा शुक्रवार कसा जातो? मटण वर्ज्य म्हणून पापलेट आणतो, ते मटणापेक्षा महाग. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' फक्त शेजाऱ्यांनाच लागू नाही.

वॉर्डातली सिस्टर
नवापूर भागात नोकरी करते. वचनावर तुम्ही बोला, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. एका उत्तम शुक्रवारी दुपारी एकोणीस वर्षांची मुलगी आणली. गुडघे, पाठ, छाती, सगळीकडे कळा. ओठ सुकून पापुद्रे निघालेले. सिकलसेलची पेशंट. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, त्यात ऊन. अंगातलं पाणी कमी झालं की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. सलाईन लावताना आईला विचारलं, पाणी का नाही दिलं? म्हणाली, "यादीत नाव होतं, सिस्टर."
आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी नसला तरी गावोगावी आहे. गरोदर बायका, शुगरच्या गोळ्या घेणारे वेगळेच. तक्ता लावा नाहीतर काढा, पाणी सोडायला लावू नका.

पाळकाचा मुलगा
हे मान्य. निर्जळी कोणी सांगितली असेल तर ते चूकच.

तापीकाठ
कोणी सांगत नाही हो. शेजारच्या चौकोनातल्याने निर्जळी धरली की आपल्याला पाणी प्यायची लाज वाटते. माझं भांडण त्या लाजेशी आहे.

दादरची भाकर
भाऊ, मला दुसरंच खुपतं. आमच्या मंडळीतली निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातला जातात, होळीच्या सुमारास परततात. ज्यांनी सहा महिने मुकादमाची उचल फेडत अर्धपोटी काढले, त्यांना उपासाचं शिकवायचं? बायबलातल्या यशया 58 मध्ये देवाला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. तक्ता लावायचाच तर कोणी कोणाला जेवू घातलं त्याचा लावा.

चिंचपाड्याची लेक
माले पटनं नही. गरिबाला उपास जमत नाही, हे पोट भरलेल्यांनी ठरवलंय. मन्ही माय मजुरीला जायची आणि बुधवारी एक वेळ जेवायची नाही. वाचलेली मूठभर ज्वारी पत्र्याच्या डब्यात टाकायची, महिनाअखेरी तो डबा गल्लीतल्या विधवा म्हातारीकडे जायचा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचा तेवढा हक्क काढून घेऊ नका.

दादरची भाकर
तुमच्या मायने तर यशयाच पाळला, ताई. आपण भांडतोय कशाला?

तापीकाठ
उद्या माझा चौकोन आहे. उपास धरणार, पाणी पिणार, खूण करणार नाही.

पाळकाचा मुलगा
मग संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन येईल, तब्येत बरी आहे ना म्हणून.