धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधायचंय, 9 लाखांत कुठवर जाईल? (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी,

गावात आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं घर आहे. यंदाच्या पावसात मागची भिंत बसली आणि दोन खणांची माती खाली आली. आई तेव्हा ओट्यावर होती म्हणून वाचली. आबांनी (वडिलांनी) आता हट्टच धरलाय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घर उभं पाहिजे. बहीण माहेरी आली की रात्री चुलत्यांकडे झोपायला जाते, ते त्यांना टोचतं.

मी जळगावला खासगी नोकरीत, पगार 34,000. तिथलं खोलीभाडं 5,500, मुलगी दुसरीत. आबांची पाच एकर कोरडवाहू, कापसाचं तुम्हाला माहीतच आहे. माझे 5 लाख, आबांची अडीच लाखांची ठेव आणि बायकोचे साठवलेले दीड, असे 9 लाख आहेत. सोनं मोडायचं नाही हे घरात ठरलंय, त्यावर सल्ला नको.

बांधकाम 900 चौरस फूट धरलंय. एका ठेकेदाराने मालासकट फुटाला 1,850 सांगितले, म्हणजे साडेसोळा लाखांच्या वर. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, ते धरलं का विचारलं तर म्हणे, "भाऊ, वाळूचं काय ते बोला." गावचा मिस्तरी नुसत्या मजुरीवर तयार आहे, फुटाला 280. माल आपला. पण मी जळगावला, आबा सत्तरीचे, मालावर नजर कोण ठेवणार?

घरकुलात आम्ही बसत नाही. घरात कुणी महिना 15,000 च्या वर कमावत असलं की नाव कटतं. बँकेत 10 लाखांचं विचारलं. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 8,680 च्या आसपास, म्हणजे व्याजच 10 लाख 83 हजार. मुद्दलापेक्षा जास्त! तेही मान्य केलं असतं, पण नमुना 8 वर अजून आजोबांचंच नाव आहे, म्हणून फाईल परत आली.

तर सगळं एकदम करावं की अर्धं? आणि धाब्याचं सागवान, चांगल्या सरा आणि कड्या आहेत, विकावं का? एक व्यापारी रोज फोन करतोय.

बोरीकाठ:
आधी कागद. नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. तुमच्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखमध्ये मिळकत पत्रिका निघाली का बघा. आजोबांचे वारस म्हणजे आबा, काका आणि आत्यासुद्धा. ज्यांना हिस्सा सोडायचाय त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत करा, पाचशेच्या स्टँपवर लिहून ठेवलेलं बँक मानत नाही. पाडण्याआधी हे उरका. घर उभं राहिल्यावर हिस्सा आठवणारे फार असतात, आमच्याकडे झालंय.

फुणके_कढी:
सागवान विकू नका हो! पाडताना व्यापारी "किडलंय" म्हणून भाव पाडणार आणि तुम्ही घाईत असणार. सुताराला दाखवा, दारं-खिडक्यांच्या चौकटी त्यातच निघतील. आमच्या पाचही चौकटी जुन्या सरांतून निघाल्या, वर देवघर झालं. उरलं ते विका.

900 चा हट्ट सोडा. 550 फुटांत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणी बसते. फुटिंग आणि कॉलम मात्र वरच्या मजल्याचा भार धरून इंजिनिअरकडून काढून घ्या, जिन्याची जागा सोडा. काळ्या मातीत पायात काटकसर नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदा. फरशी, रंग, पीओपी नंतर होतं, पाया नंतर होत नाही.

तापीवाला:
स्लॅब फेब्रुवारीतच टाका. एप्रिलमध्ये आपल्याकडच्या उन्हात तो सकाळी टाकला तर दुपारपर्यंत तडकतो. आळी करून पाणी भरा, भिंती आणि कॉलमला ओलं बारदान गुंडाळा. आणि पाण्याचं आधी बघा, आम्हाला टँकर घ्यावे लागले, ते हिशेबातच नव्हते. धाब्याच्या गारव्याची सवय असेल तर मे महिन्यात स्लॅबखाली आबा चिडतील, वर पांढरा रंग तरी मारा.

मालाचं म्हणाल तर सिमेंट टप्प्याटप्प्यानेच आणा, गोण्या साठवल्या की दगड होतात. वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, ट्रॉली आली की आतली लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा. हे काम आबासुद्धा खाटेवर बसून करून घेतील.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. 550 फुटांना त्याच 1,850 ने 10 लाख 17 हजार होतात. मिस्तरीकडून केलं तर थोडं खाली यावं, म्हणजे कर्ज लागलंच तर लाखभर. बायको म्हणते ते पतपेढीतून काढू, मला व्याजाची भीती वाटते.

काल काकांना फोन केला. ते लगेच हो म्हणाले. आत्या म्हणाली, "सही करसू, पण आखाजीले माले बी बलाव." आबा फोन ठेवून बराच वेळ बाहेर जाऊन बसले.

आता एकच विचारतो: हक्कसोडपत्राला आत्याला अमळनेरला यावंच लागेल का? ती सुरतला असते, गुडघ्यांनी बेजार आहे. कुणी हे केलंय का?