मदत हवी आहे: सहकाऱ्याने ठरवलेला डोस मी बदलावा का?

तात्पुरता:
तीन आठवड्यांसाठी एका सहकाऱ्याच्या जागी काम पाहत आहे. त्यांनी ठरवलेला एक डोस मला कमी करावासा वाटतो, पण ते रजेवर असून त्यांचा फोन लागत नाही. रुग्ण बाहेर बसून आहेत, तेव्हा बदल करावा की करू नये एवढेच कृपया सांगावे.

नाडीपरीक्षक:
औषध कोणते, ते कशासाठी आणि तपासणी काय सांगते, हे कळल्याशिवाय उत्तर कसे देणार? आपण डॉक्टर आहात की पशुवैद्य, हेही आपण लिहिलेले नाही.

तात्पुरता:
डॉक्टर आहे, ते उघड आहे असे वाटले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप; जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) २ ते ३ च्या दरम्यान हवा असताना आज ३.८ आला आहे. रक्तस्राव कोठेही नाही.

शिस्तप्रिय:
मी अनेक वर्षे बदली डॉक्टर म्हणून काम केले, पण दुसऱ्याच्या रुग्णाच्या कायमच्या औषधाला कधी हात लावला नाही. आपण केवळ जागा सांभाळत आहात.

नाडीपरीक्षक:
खुर्ची दुसऱ्याची असली तरी चिठ्ठीवरची सही आणि नोंदणी क्रमांक आपलाच असतो, आणि डोस तसाच ठेवणे हाही निर्णयच असतो. एखादे नवे औषध सुरू झाले आहे का, ते आधी पाहावे.

कलम-पोटकलम:
उपचारांतील चुकीबद्दलच्या दाव्यांसाठी डॉक्टर घेतात त्या विम्याचे पाहिले का? दावा दाखल होतेवेळी पॉलिसी चालू असण्याची अट असेल, तर काम संपताच विमा बंद करणाऱ्याला जुन्या कामासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

तात्पुरता:
विम्याविषयी मी विचारलेले नाही. रुग्णाला पुन्हा विचारले असता, दंतवैद्यांनी ७ दिवसांसाठी मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले असून आज पाचवा दिवस आहे, असे समजले.

नाडीपरीक्षक:
मग कारण सापडले. मेट्रोनिडाझोलमुळे वॉर्फरिनचे विघटन मंदावते आणि आयएनआर चढतो. रक्तस्राव नसताना ३.८ साठी वॉर्फरिनचा परिणाम उतरवणारे व्हिटॅमिन के लागत नाही. एखादा डोस वगळून किंवा तात्पुरता कमी करून काही दिवसांत पुन्हा तपासावे. मूळ डोस कायमचा उतरवलात, तर प्रतिजैविक थांबल्यावर आयएनआर २ च्या खाली जाऊन गुठळीचा धोका वाढेल.

शिस्तप्रिय:
म्हणजे मूळ डोस बदलू नये, हेच मी म्हणत होतो.

नाडीपरीक्षक:
आपण कारण न विचारताच म्हणत होतात.

तात्पुरता:
आजचा डोस वगळायला सांगितला असून चार दिवसांनी तपासणी ठेवली आहे. त्यानंतरची तपासणी माझी मुदत संपल्यावर येते, म्हणून तिचा अहवाल कोणी पाहायचा हे सहकाऱ्यासाठीच्या नोंदीत लिहून ठेवत आहे.