मदत हवी आहे: तापानंतर आंबवलेल्या पपईच्या पुड्या, डोस किती?

घाईत_आहे
वडिलांचा ताप उतरलाय, पण अंगात ताकद म्हणून नाही. जिना चढले की बसावं लागतं. एका ओळखीच्यांनी आंबवलेल्या पपईच्या पुड्यांचा डबा आणून दिलाय. वर प्रतिकारशक्ती, ऊर्जा, अँटिऑक्सिडंट असं बरंच काही छापलंय. दिवसाला किती द्यायच्या, जेवणाआधी की नंतर? 'डॉक्टरांना विचारा' सोडून काहीतरी सांगा. लवकर.

शंकासूर
ताप कसला होता? वय? उतरून किती दिवस झाले? बाकी औषधं कोणती?

घाईत_आहे
फ्लू. वय सत्तरच्या आत. औषधं नेहमीचीच. प्रश्न डोसचा आहे.

पानाफुलात
पुड्या कशाला? पपईच्या कोवळ्या पानांचा रस द्या. माझ्या भावाच्या प्लेटलेट्स बघता बघता वर आल्या.

शंकासूर
प्लेटलेट्स कुणी विचारल्या? ते डेंग्यूचं, इथे फ्लू आहे. आणि डेंग्यूतही ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. ते निभावले की प्लेटलेट्स आपसूक चढतात, रस पिणाऱ्याच्याही आणि न पिणाऱ्याच्याही. पानांच्या अर्काने त्या लवकर वाढल्याचं काही चाचण्यांत दिसलंय, पण त्यामुळे जीव वाचतात याचा ठोस विदा नाही.

पानाफुलात
भाऊ बरा झाला. विदा तुम्ही घ्या चाटायला.

प्रयोगवही
भांडण बाजूला ठेवून पुडीबद्दल. पपई यीस्टने आंबवून, वाळवून हे दाणे करतात. जपानमधलं उत्पादन जास्त प्रसिद्ध आहे. पुडी साधारण ३ ग्रॅमची आणि त्यात बहुतांश साखरच. म्हणजे 'ऊर्जा' अगदीच खोटं नाही, चमचाभर साखरेत असते तेवढी आहे! अभ्यासांत बहुधा दिवसाला ३ ते ९ ग्रॅम दिलेत, पण ते अभ्यास छोटे, बरेचसे मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर किंवा रक्तातल्या ऑक्सिडेशनच्या मोजमापांवर, आणि काहींत उत्पादकाशी संबंधित संशोधकच लेखक. फ्लूनंतरचा थकवा याने लवकर जातो असं दाखवणारी चांगली चाचणी माझ्या वाचनात नाही. डब्यावर नोबेलवाल्या शास्त्रज्ञाचा उल्लेख असेल तर तोही जपून घ्या. ल्यूक माँटेनिए यांनी २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना आंबवलेली पपई सुचवली होती, पण त्यांना २००८ चं नोबेल एचआयव्हीच्या शोधासाठी मिळालं, पपईसाठी नव्हे.

घाईत_आहे
म्हणजे ३ ते ९ ग्रॅम. धन्यवाद. सकाळी की रात्री?

प्रयोगवही
अहो, मी डोस सांगितला नाही. अभ्यासात काय वापरलं ते सांगितलं.

आमचा_अनुभव
पपई विसरा, नोनी (एका फळाचा रस) घ्या. तीही आंबवलेलीच असते. आमच्या घरात सगळे घेतात, एकालाही काही झालं नाही.

शंकासूर
नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगाशी येतं. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. 'काही झालं नाही' हा काय गुण झाला?

धागाकर्ते, पुन्हा विचारतो. नेहमीची औषधं म्हणजे कोणती?

घाईत_आहे
किती चौकशी! बीपीची एक गोळी. आणि हृदयाची झडप बदललीय, त्याची रक्त पातळ करायची वॉरफेरिन. ती कित्येक वर्षं चालू आहे, तिचा तापाशी संबंध नाही.

शंकासूर
हे पहिल्या ओळीत हवं होतं!

प्रयोगवही
पुड्या कपाटात ठेवा. पपईच्या पूरकांसोबत वॉरफेरिनचा परिणाम वाढल्याच्या, म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं मोजमाप) चढल्याच्या नोंदी आहेत. शिवाय तापात खाणं कमी होतं, कधी अँटिबायोटिक दिलेलं असतं, त्यानेही आयएनआर हलतो. पुडी देवोत न देवोत, तपासणी लगेच करून घ्या. आणि घाबरून वॉरफेरिन मनाने बंद करू नका, झडपेवर गुठळी होऊ शकते.

दुसरं, मला जास्त खटकलंय ते. जिना चढल्यावर बसतात ते पाय गळतात म्हणून की धाप लागते म्हणून? झडपेच्या पेशंटला फ्लूनंतर धाप लागत असेल तर त्याला अशक्तपणा म्हणून चालणार नाही. हृदयावर ताण असू शकतो, न्यूमोनिया असू शकतो. पायाला सूज? आडवं झाल्यावर दम लागतो?

केसांची_गोष्ट
अवांतर: मलाही ताप येऊन गेला, आता केस मूठमूठ गळताहेत. ही पपई चालेल का? लेटेक्सच्या हातमोज्यांनी पुरळ येतं मला.

शंकासूर
मग पपईपासून लांबच राहा. लेटेक्सची ॲलर्जी असलेल्या काहींना पपई, केळं, किवी, ॲव्होकॅडो यांचाही त्रास होतो. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. फार लांबलं तर थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या.

पानाफुलात
केसांना पानांचा लेप लावा.

शंकासूर
अहो, लेटेक्स!! पपईच्या पानातही चीक असतो.

घाईत_आहे
वडिलांना विचारलं. 'धाप थोडी लागते, उशा वाढवून झोपतो' म्हणाले. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. फोन केला तर आत्ताच घेऊन या म्हणाले, निघतोय. आयएनआर तिथेच होईल.

जेवणाआधी की नंतर, हे मात्र शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आमचा_अनुभव
डबा फोडला नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.