घरच्याच फोटोंना मानधन कशाला?

सदाशिव_३०:
कौटुंबिक छायाचित्र प्रकल्पांचे, म्हणजे स्वतःच्याच घरच्यांचे नवे-जुने फोटो घेऊन मालिका, प्रदर्शन किंवा पुस्तक करायचे, अनुदान-अर्ज पाहा. समजा दीड लाखाचं अंदाजपत्रक आहे. त्यात ७५ हजार ‘छायाचित्रकाराचं मानधन’, ४० हजारांची लेन्स आणि आजीच्या अल्बमच्या स्कॅनिंगला जेमतेम ५ हजार! प्रवास नाही, मुक्काम नाही, समोर आईबाबाच. खरा पैसा अल्बम वाचवायला हवा. पुण्याच्या पावसाळ्यात वाड्यातल्या लाकडी कपाटात बुरशी चढली की फोटोचा थरच जातो.

फिक्सर:
लेन्सचं पटलं, भाड्याने मिळते. मानधनाचं अजिबात नाही. नऊ महिने दर रविवारी म्हणजे ३९ दिवस. दिवसाला १५० फ्रेम, म्हणजे क्लिक, धरल्या तरी ५,८५० होतात. त्यातून परीक्षकांपुढे जातात १५-२०. ही निवड कोण करणार, आजी? निवड घाईत केली की सगळी मालिका दिवाळी आणि हळदीकुंकू होऊन बसते. रुसवा, औषधांचा डबा, दुपारची झोप यातलं काही उरत नाही.

सदाशिव_३०:
रविवारी घरीच असता ना? आता स्कॅनिंगचा हिशेब घ्या. ४ × ६ इंची फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) २४०० × ३६०० पिक्सेल होतो, म्हणजे ८ × १२ इंचाची चांगली प्रिंट निघते. १६ बिटची टिफ फाइल (रंगांचा तपशील न गाळता साठवणारी) साधारण ५२ एमबीची. ५०० फोटोंना २६ जीबी, आणि प्रती दोन वेगळ्या डिस्कवर. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढला की फाटतोच. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. तरी सुटला नाही तर वरचं प्लास्टिक उचलून पानासकट स्कॅन करायचा. प्लास्टिकवरून केला तर चकाकी येते. पाच हजारांत कोण करणार हे?

फिक्सर:
कोणीच नाही. मग तिथेही मजुरी लावा! तुमच्याच हिशेबाने घरचं काम फुकट, मग घरचा अल्बम सोडवणाराही फुकटच की.

मुठेकाठी:
दोघेही घरच्यांना विसरलात. संमतीपत्र सगळ्यांना एकत्र बसवून घेऊ नका, सासूसमोर नवी सून ‘नको’ म्हणणार नाही. एकेकाची वेगळी सही घ्या आणि प्रिंटला जाण्याआधी नाव मागे घ्यायची तारीख त्यात लिहा. नाहीतर फ्रेम होऊन आलेले फोटो ऐनवेळी उतरवावे लागतात. जुन्या फोटोंची गंमत वेगळीच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. पण सहलीत काकांनी हौसेने टिपलेला फोटो काकांचा. त्यांना विचारा.

सदाशिव_३०:
काकांनाही मानधन द्यायचं का आता?

मुठेकाठी:
नको. पण छापलेल्या पुस्तकाची एक प्रत द्या, आणि तिचा खर्च अर्जातच धरा.

फिक्सर:
लेन्सच्या ४० हजारांतून निघेल.