सल्ला हवा: घरी रुग्णसेवा करताना मधेच सोडता येईल असं हातकाम

उंबरठा
सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जोडीला स्मृतिभ्रंश. दर दोन तासांनी कूस बदलायची, मधे भरवणं, औषधं, डायपर. सलग मोकळीक फार तर २०-३० मिनिटं, तीही कधी तुटेल नेम नाही. मोबाइल चाळून डोकं आणखी जड होतं, म्हणून हाताला काहीतरी हवंय. अटी: वास नको (खोलीत ऑक्सिजन काँसंट्रेटर चालू असतो), आवाज नको, पसारा एका डब्यात मावावा, खर्च ५०० रुपयांच्या आत. शाडूमाती कशी वाटते?

कोपऱ्यातला दोरा
शाडू नको. हाक आली की आधी हात धुवायचे, तोवर उशीर. शिवाय अर्धवट ठेवलेलं काम सुकून तडकतं.

क्रोशा घ्या. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली की रांग उसवते. क्रोशात उघडा फास एकच. उठताना त्यात सेफ्टी पिन अडकवा, बस्स. ४ मिमीची सुई, फोर-प्लाय लोकरीचे दोन गुंडे. रंग फिका घ्या, काळ्या-निळ्यात रात्रीच्या दिव्याखाली टाके दिसत नाहीत.

सुरुवात चौकोनाने करा. ४ साखळ्या गोल जोडून त्या गोलात ३ खांब (सुईवर वेढा घेऊन घातलेले उंच टाके), २ साखळ्या, असं चारदा (पहिल्या खांबाऐवजी ३ साखळ्या). पुढच्या फेऱ्यांत प्रत्येक कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. बाजूच्या प्रत्येक फटीत ३ खांब. कोपऱ्यातल्या साखळ्या विसरलात तर तुकडा सपाट न राहता वाटीसारखा वळतो. पाच-सहा फेऱ्यांत एक चौकोन संपतो. चादर करायची, स्वेटर करायचा असं मनाशी धरू नका. राहिलेल्या कामांच्या यादीत आणखी एक भर कशाला?

पाटीपेन्सिल
चौकोनातही मोजणं आलंच. रात्रभर जागरण झालेलं असेल तर तेवढंही नको होतं. अशा वेळी ठिपक्यांची रांगोळी, पण पाटीवर, खडूने. ७ ते ४ ठिपके घ्या: मधली ओळ ७ ची, वर-खाली ६, ५, ४. एकूण ३७. मधल्या ओळीपासून सुरुवात करून पुढच्या ओळीचे ठिपके आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधे मांडायचे, म्हणजे षटकोन होतो. आज काय काढू हा प्रश्नच उरत नाही, ठिपके मांडले की हात आपोआप चालतो. आणि पुसायचंच असल्याने बिघडण्याची भीती नाही. खडू ओला करून काढा, रेघ ठळक येते आणि भुकटी उडत नाही. जमिनीवरची रांगोळी या घरात टाळा. भुकटीवरून पाय घसरतो, आणि श्वासाचा त्रास असलेल्या माणसाजवळ ती उडायला नको.

उंबरठा
पाटी आवडली. सासूबाईंची जुनी सुती लुगडी पडून आहेत. गोधडी जमेल का?

कोपऱ्यातला दोरा
जमेल, पूर्ण मापाची नको. ४५ × ४५ सेंमीचा तुकडा घ्या, तीन थर. लुगडी आधी धुऊन खळ काढा, नाहीतर सुई अडते. आत सिंथेटिक साडी घालू नका, थर एकमेकांवरून सरकतात. दर १० सेंमीवर कच्चा टाका घाला आणि मग धावदोरा. हा कंटाळवाणा भाग टाळला की मधे फुगवटा जमतो आणि शेवटी चुणी पडते. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याला पीळ पडून गाठी होतात.

सुया तीनच ठेवा, लोहचुंबक असलेल्या डबीत. उठण्याआधी मोजा. स्मृतिभ्रंशाचं माणूस सुई तोंडात घालू शकतं, त्यामुळे पलंगावर बसून शिवायचं नाही.

निळासावळा
रंगच हवे असतील तर जलरंगाच्या वड्या, पाणी भरून ठेवायचा ब्रश (पेल्याची गरज नाही, सांडत नाही) आणि ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) पोस्टकार्डाएवढा कागद. साधा वहीचा कागद ओला झाला की फुगतो, त्यात नवशिक्याचा धीर सुटतो. पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिलात तर चिखल होतो. तैलरंग, टर्पेंटाइन, स्पिरिटचे मार्कर, फवारे, मेणबत्त्या मात्र त्या खोलीत आणूच नका. ऑक्सिजन चालू असताना आग क्षणात भडकते.

निशाचर
हात गुंतलेले असताना, म्हणजे भरवताना किंवा अंग पुसताना, ओवी जुळवा. जात्यावरच्या बायकांनी हेच केलं: काम सुटत नव्हतं, पण बोलणं त्यातून बाहेर पडत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या संग्रहात अशा लाखभर ओव्या आहेत, 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक ऐकता येतात. दोन ओळी पुरतात. पहिलीत समोर दिसतं ते, दुसरीत मनातलं. उदाहरणार्थ:

रात्रीचे वाजले दोन, कूस बदलायची बाई,
माझ्या झोपेचं गाठोडं कुणी सोडलंच नाही.

राग आला असेल तर रागाची ओवी करा, गोड करायची सक्ती नाही. चाल संथ ठेवा. श्वास सोडणं लांबतं, आणि ओळखीच्या चालीने पेशंटही कधी कधी शांत होतो.

पाटीपेन्सिल
एक पुस्ती. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभ्यासात ४५ मिनिटांच्या कलाकामानंतर ३९ पैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) कमी झालं. नवखे आणि सराईत यांत मोठा फरक आढळला नाही. पण ती निरोगी माणसं होती, रुग्णसेवेने थकलेली नव्हेत. त्यामुळे हे झोपेच्या जागी धरू नका. २० मिनिटं मिळाली आणि डोळे मिटत असतील तर झोपाच. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. मोफत आहे, २४ तास चालतं, मराठीत बोलता येतं.

उंबरठा
नंबर लिहून घेतला. पाटी आणि क्रोशापासून सुरुवात करते. सुई लाकडी घेऊ की ॲल्युमिनियमची?

कोपऱ्यातला दोरा
ॲल्युमिनियमची. स्वस्त लाकडी सुईला कुसळं निघतात, लोकर अडकते. टोक गोलसर बघून घ्या, अणकुचीदार टोक लोकरीचे पदर फाकवतं. आणि हीसुद्धा त्याच मोजायच्या डबीत.